पिशोरचे बिभीषण गुरुजी

"बाबा, आज फिरायला सोबत कोण होतं?" सुकेशनीने पुण्याहून विचारलं आणि साहेबराव खोटं बोलून बसले.

"बिभीषण होता," ते म्हणाले.

पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क म्हणून उभी नोकरी झालेली. त्या काळात हातून थोडंफार खोटं लिहिलं गेलं असेल, पण ते सगळं वरिष्ठांच्या आदेशानुसार. स्वतःच्या जबाबदारीवर बोललेलं हे पहिलंच. खाम नदीच्या काठी लोखंडी पुलाजवळच्या बागेत ते बाकावर बसले होते. शेजारी पाण्याची बाटली होती. बिभीषण हे नाव कसं सुचलं ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही. भरल्या घरात एकटा पडलेला माणूस म्हणून तेच आधी आठवलं असावं.

खोटं बोलायला कारण तसंच होतं. मागच्या महिन्यात गोगाबाबाच्या टेकडीवर उपाशीपोटी चढताना त्यांच्या डोळ्यांपुढे जरा अंधारी आली आणि ते दगडावर टेकले. पोलीस भरतीसाठी पळणाऱ्या दोन तरुणांनी त्यांना जवळजवळ उचलूनच खाली आणलं आणि नंदनवन कॉलनीतल्या घरी पोचवलं. शेजारणीने ही बातमी सुकेशनीला कळवली. पुण्याला जाईपर्यंत अंधारीचा झटका झाला आणि लेकीचं फर्मान निघालं. यापुढे एकट्याने फिरायचं नाही, आणि सोबत मिळत नसेल तर घराला कुलूप लावून पुण्याला यायचं.

पुण्याचं नाव निघालं की साहेबराव विषय बदलत. एकदा ते तिथे चार दिवस राहून आले होते. घर अकराव्या मजल्यावर. सकाळी फिरायला निघाले तर जावई अतुलने त्यांना खाली नेऊन पार्किंगभोवतीचा रस्ता दाखवला. उभ्या गाड्यांना प्रदक्षिणा घालायच्या आणि लिफ्टने वर यायचं. घाण्याच्या बैलाला निदान शेवटी तेल तरी दिसतं, असं म्हणून ते पाचव्या दिवशी परत आले होते.

इथे छत्रपती संभाजीनगरात त्यांच्या पायाखाली अख्खं शहर होतं. मन बरं असेल तर ते हिमायतबागेत जुन्या आंब्यांखालून चक्कर मारत. बरं नसेल तर विद्यापीठाच्या गेटातून लेण्यांच्या रस्त्याला लागत, कारण तिथे चढ आहे आणि चढावर माणसाला श्वासापलीकडे काही सुचत नाही. मकबऱ्याच्या मागच्या माळावरही त्यांनी एक पायवाट हेरून ठेवली होती. पण बायको गोजरबाई गेल्यापासून पाय बहुतेक नदीकाठीच वळत. एके काळी नाकाला रुमाल लावून ओलांडायची ती नदी आता साफसूफ झाली होती. काठाने वाट, वाटेला झाडं, झाडाखाली बाक. प्रत्येक बाक दोघांचा होता आणि साहेबराव एका कडेला बसत. दुसरी कडा मोकळी सोडायची सवय काही जात नव्हती.

सोबत मिळवायचा प्रयत्न त्यांनी केला नव्हता असं नाही. सिद्धार्थ उद्यानातल्या हास्य क्लबात जाऊन पाहिलं. सगळ्यांनी हात वर करून हा-हा-हा सुरू केलं की साहेबरावांना रडू फुटायचं. क्लबच्या प्रमुखांनी त्यांना बाजूला घेतलं. "साहेबराव, राग नका मानू, पण तुमच्याकडं बघून बाकीच्यांचं हसू जायलंय." साहेबरावांनी राग मानला नाही. ते परत गेलेही नाहीत.

तर बिभीषण. सुकेशनीने लगेच पुढचा प्रश्न टाकला.

"कोण बिभीषण?"

"आहेत एक. रिटायर्ड गुरुजी."

"गाव कोणतं?"

मराठवाड्यात नावावाचून माणसाचं अडत नाही, पण गाव लागतंच. गावाशिवाय माणूस म्हणजे पत्ता नसलेलं पाकीट. साहेबरावांनी घाईघाईने एक गाव धरलं. "पिशोरचे." कन्नड तालुक्यातल्या या गावी ते जन्मात गेले नव्हते आणि म्हणूनच ते त्यांना बिनधोक वाटलं.

त्या दिवसापासून एक नवल घडलं. पूर्वी लेकीचा फोन रविवारी यायचा. जेवलात का, गोळी घेतली का, बरं ठेवते. आता रोज सकाळी यायला लागला. "आज काय म्हणाले बिभीषणकाका?" या एका प्रश्नाने सुरुवात व्हायची आणि बोलणं अर्धा अर्धा तास लांबायचं. रोज काहीतरी सांगायला हवं म्हणून साहेबराव चालता चालता बिभीषणाची तयारी करू लागले. हळूहळू बिभीषणाला गुडघेदुखी झाली. भेंडीची भाजी आवडेनाशी झाली. राजकारणावर कडक मतं आली. आणि जे साहेबरावांना स्वतःच्या तोंडाने कधी सांगता आलं नसतं, ते सगळं बिभीषण बिनदिक्कत सांगू लागला.

"बिभीषण म्हणतो, संध्याकाळी दिवे लागले की घर खायला उठतं."

"अगं बाई! बायको नाही का त्यांना?"

"वारली. म्हणतो, एकट्यापुरता स्वयंपाक करताना मीठच कळत नाही. कधी जास्त, कधी विसरूनच जातो."

"बिचारे!" सुकेशनीचा आवाज भरून आला. "बाबा, तुम्ही त्यांना जेवायला बोलवत जा ना. तुमचं बरंय, तुम्ही खंबीर आहात."

"हो," खंबीर साहेबराव म्हणाले आणि आळणी वरण पुढे ओढून बसले.

सगळं सुरळीत चाललं असताना घोड्याने पेंड खाल्ली. एका सकाळी फोनवर सुकेशनीऐवजी तिच्या सासूबाई, सुगंधाबाई आल्या. विहीणबाईंचं माहेर कन्नडच्या बाजूला आहे एवढं साहेबरावांच्या कानावर लग्नात पडलं होतं. नेमकं गाव कळायच्या आत पंगत बसली आणि ते राहून गेलं.

"पाव्हणं, पिशोरचे कोण गुरुजी तुमच्यासंगं फिरत्यात म्हणं?"

साहेबरावांनी चहाचा कप खाली ठेवला. "बिभीषण गुरुजी. तुम्ही... पिशोरच्या का?"

"मंग! माहेर हाये माझं. उंच हायेत का वो ते?"

"मध्यम."

"सावळे?"

"उन्हात फिरतात ना, मग तसेच झालेत."

"बरुबर! शाळंच्या मागं घर, दारात लिंबाचं झाड!"

"असेल," साहेबराव चाचरत म्हणाले.

"असंल काय, हायेच! माह्या धाकट्या भावासंगं इटीदांडू खेळायचा त्यो. वळखलं मी!" पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "पाव्हणं, भाऊ गेला, भावजय पोराकडं सुरतंला गेली. घर इकलं. आता पिशोरात मला कोण म्हणून वळखतंय? माहेरचं माणूस दिसलं नाय किती वरसात. येत्या रविवारी येतोच आम्ही दोघी."

आता आली का पंचाईत! बिभीषण खोटा निघाला की पुणे पक्कं. अकरावा मजला, पार्किंग, प्रदक्षिणा. साहेबराव माणूस शोधायला निघाले.

नदीकाठी रोज दिसणारे एक गृहस्थ त्यांना वयाने योग्य वाटले. त्यांना थांबवून साहेबरावांनी अदबीने विचारलं, "रविवारी सकाळी तासभर बिभीषण व्हाल का?" गृहस्थांनी कानातलं यंत्र काढलं, साहेबरावांना नीट न्याहाळलं आणि दुसऱ्या दिवसापासून ते नदीच्या पलीकडच्या काठाने चालू लागले. मग पेन्शनरांच्या एका टोळीला गाठलं. तिथे सहानुभूती मिळाली, पण त्यांचा पुढारी म्हणाला, "आमच्यातला माणूस असा सुटा देता येत नाही. आलो तर सगळेच येऊ, आणि नाश्त्याचं काय ते आधी ठरवा."

शनिवारी साहेबराव बाकावर डोकं धरून बसले. आता खरं सांगून टाकावं की आजारी पडावं, असा विचार चालला असताना कोणीतरी त्यांच्या खांद्यावरचा पंचा ओढला. बघतात तर शेळी. पंच्याचं टोक तिच्या तोंडात गेलं होतं.

"ए भवाने, सोड!" मागून मुंजाबा धावत आला. हा करमाडकडचा धनगर. रान कंपन्यांच्या वाट्याला गेल्यावर शेरडं घेऊन शहराच्या कडेला येऊन राहिला होता आणि रोज नदीकाठी चारायला आणायचा. साहेबरावांनी त्याला कितीतरी वेळा पाहिलं होतं. बोलणं मात्र 'शेरडं आवर' याच्या पुढे कधी गेलं नव्हतं.

"मुंजाबा," साहेबराव एकदम म्हणाले, "उद्या सकाळी माझ्यासोबत चालशील का?"

"चालतोच की रोज. तुमच्या मागं मागंच तं असतो."

"मागं नाही. शेजारी."

साहेबरावांनी सगळं सांगितलं. मुंजाबाने ते न हसता ऐकून घेतलं, आणि कोणी आपलं सगळं ऐकून घेतल्याला किती दिवस झाले हे साहेबरावांना त्या क्षणी जाणवलं.

"म्हंजे मला मास्तर व्हायचंय," मुंजाबा म्हणाला. "पन मी शाळंत गेलो नाय, साहेब."

"काही बिघडत नाही. कमी बोलायचं. विहीणबाई काही म्हणाल्या की 'व्हय' म्हणायचं."

"आन शेरडं?"

"बांधून ये."

रविवारी सकाळी साहेबरावांचा इस्त्रीचा शर्ट घालून, खिशाला पेन लावून बिभीषण गुरुजी बाकावर विराजमान झाले. शर्ट खांद्यात आखूड होता, त्यामुळे गुरुजी सारखे दचकल्यासारखे दिसत होते. सुकेशनी आणि सुगंधाबाई फाटकातून आत आल्या. सुगंधाबाई दहा पावलांवर थबकल्या.

"बाई बाई बाई!" सुगंधाबाई कडाडल्या. "तेच नाक! बापाचं नाक जसंच्या तसं!"

"व्हय," गुरुजी म्हणाले.

"जय भीम, गुरुजी. मला वळखलं का? सुगंधी मी!"

"जय भीम, बाई. व्हय."

पुढचं काम सुगंधाबाईंनी एकटीने केलं. शाळेचं, लिंबाचं, नदीला पूर आला तेव्हा वाहून गेलेल्या म्हशीचं, बाजारातल्या भेळेचं, सगळं त्याच सांगत होत्या. गुरुजी फक्त 'व्हय' म्हणत होते आणि प्रत्येक 'व्हय'गणिक बाईंचा चेहरा उजळत होता. साहेबरावांना वाटलं, जमलं. नेमकी तेव्हाच खुंट्याला हिसडा मारून सुटलेली शेरडं मालकाचा माग काढत बागेत घुसली आणि गुरुजींना गराडा घालून उभी राहिली.

"हे काय?" सुकेशनीने विचारलं.

"गुरुजींची हौस," साहेबराव म्हणाले.

"शाळा सुटली, बाई," मुंजाबा स्वतःच्या हिमतीवर बोलला. "पोरं गेली. मंग शेरडं आनली. पोरांपरीस ऐकत्यात."

दोघी हसल्या. साहेबरावही हसले, आणि तेवढ्यात बागेचा रखवालदार काठी आपटत आला. "ओ मुंजाबा! कित्ते बार बोला तेरेकू, बकऱ्या अंदर नक्को लाव! और ये शर्ट किसका पेहन्या?"

"मुंजाबा?" सुकेशनीने बापाकडे पाहिलं. साहेबरावांच्या डोळ्यांपुढे अकरावा मजला उभा राहिला.

"मंग, मुंजाबाच," सुगंधाबाई ठणकावून म्हणाल्या. "घरचं नाव असंल. आमच्या पिशोरात घरटी एक मुंजाबा हाये. शाळंत एक नाव, घरी एक. आन तू रं, गुरुजींना अरे-तुरे करतो? लाज नाय वाटत?"

रखवालदाराने मुंजाबाकडे पाहिलं, पेनाकडे पाहिलं. "माफ करो, गुरुजी," असं म्हणून तो शेरडं बाहेर हाकलायला लागला. सुगंधाबाईंनी पिशवीतून टॉवेल-टोपी काढली. माहेरच्या माणसाला रिकाम्या हाताने सोडायचं नसतं. त्यांनी स्वतःच्या हाताने टोपी मुंजाबाच्या डोक्यावर ठेवली, टॉवेल खांद्यावर टाकला आणि भर बागेत रडल्या. मुंजाबा गांगरला. त्याला बहीण नव्हती आणि आपल्यासाठी कोणी आहेर आणेल हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. "रडू नगा, बाई," तो म्हणाला. "मी हाये ना हितं."

निघण्याआधी सुकेशनी त्याच्याशी हळू आवाजात बोलली. "गुरुजी, बाबा सांगतात मला. संध्याकाळी घर खायला उठतं म्हणता ना तुम्ही? स्वयंपाकात मीठ कळत नाही म्हणता?"

मुंजाबाने आधी तिच्याकडे आणि मग साहेबरावांकडे पाहिलं. साहेबराव नदीत काहीतरी बघत होते.

"व्हय, बाई," मुंजाबा म्हणाला. "लई खायला उठतं. पन मानूस घरी सांगत नाय."

"आता बाबा आहेत तुम्हाला," सुकेशनी म्हणाली.

रिक्षात बसताना तिने बापाचे हात धरले. "बाबा, माझ्या डोक्यावरचं ओझंच उतरलं. किती चांगले आहेत ते! आता पुण्याला या असं म्हणणार नाही मी. आणि रोज फोन करून पिडणारही नाही. मला खरं तर भीती वाटायची म्हणून करायचे. रविवारी बोलत जाऊ, पहिल्यासारखं."

"चालेल की," साहेबराव म्हणाले. एवढं नामी खोटं पचल्याच्या आनंदात त्यांना त्या वाक्याचा अर्थ घरी जाईपर्यंत कळला नाही.

सोमवारी सकाळी फोन आला नाही. मंगळवारी साहेबरावांनी फोनचा आवाज बंद तर झाला नाही ना ते पाहिलं. बुधवारी तो बंद करून परत चालू केला. जिंकलेला माणूस इतका हिरमुसलेला कोणी पाहिला नसेल. पुणे टळलं होतं, नदी होती, हिमायतबाग होती, सगळ्या वाटा आपापल्या जागी होत्या, पण त्यांच्यावर काय दिसलं हे विचारणारं कोणी उरलं नव्हतं. 'बाळा, मला करमत नाही, रोज फोन कर' एवढंच एक वाक्य बोलायचं होतं. ते म्हणायला साहेबराव फोन उचलायचे आणि परत ठेवायचे. त्यांच्या पिढीत बापाने लेकीला असं काही म्हणायची पद्धतच नव्हती.

गुरुवारी ते नदीच्या पलीकडच्या कच्च्या काठाने निघाले. तिकडे शेरडांना मनाई नव्हती. मुंजाबा नवी टोपी घालून आला आणि न सांगता शेजारी चालू लागला. त्याने दोनतीनदा साहेबरावांच्या हातातल्या फोनकडे पाहिलं.

"वाजत नाय व्हय?"

"नाही."

"मंग तुम्ही लावा."

"लावून काय सांगू?"

दोघं एका दगडावर बसले. शेरडं चरत होती. साहेबरावांनी बराच वेळ फोनशी चाळा केला आणि मग एकदम नंबर लावून टाकला.

"बाबा? काय झालं? बरंय ना?" सुकेशनी घाबरूनच बोलली.

"मी बरा आहे गं." "बिभीषणाशी बोलणं बंद झालंय माझं."

"काय? का? अहो, रविवारी तर किती छान... काय झालं काय?"

"भांडण झालं. मोठं झालं."

"कशावरून?"

"ते फोनवर असं एकदम नाही सांगता येणार."

"मग तुम्ही एकटेच फिरताय? ते काही नाही. मी आत्ता ऑफिसला पोचले आहे. उद्या सकाळी फोन करते, निवांत, सगळं सांगायचं मला. आणि हे मिटेपर्यंत रोज करणार आहे, कंटाळा आला तरी चालेल."

"कर," साहेबराव म्हणाले. त्यांनी फोन खिशात ठेवला.

मुंजाबाने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "कशावरून भांडलो आपन?"

"ते अजून ठरायचंय. उद्या सकाळपर्यंत काहीतरी काढावं लागेल."

मुंजाबाने जरा विचार केला आणि दगडावर साहेबरावांच्या बाजूला थोडा सरकून बसला.

"लई मोठं काढा, साहेब," तो म्हणाला. "लवकर मिटनार नाय असं."